आठ बाय दहाच्या खोलीतलं कपाट

या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरात महिनाभर एकच चर्चा चालू होती. मुलीच्या दहावीची नाही की आमच्या बदलीची नाही. अम्मींच्या खोलीतल्या कपाटाला दारं कोणती लावायची, याची. शेजारपाजारचे हसायचे. खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हालाही हा महिनाभर बोलण्याचा विषय वाटला नव्हता. सुताराला बोलवायचं, माप द्यायचं, सनमायकाचा रंग पसंत करायचा, संपलं. पण तसं झालं नाही.

आम्ही दोघंही शिक्षक. पुसदला उर्दू शाळेत मराठी शिकवता शिकवता वीस वर्षं होत आली. घर तीन खोल्यांचं. त्यातली मागची, आठ बाय दहाची खोली अम्मींची. अब्बा मरहूम झाल्यापासून त्या तिथे एकट्या राहायच्या. एक पलंग, एक खुर्ची आणि आमच्या निकाहात आलेली लोखंडी आलमारी, एवढंच सामान. त्या आलमारीबद्दल आधी कबुली देऊन टाकतो. ती आम्ही मागितली नव्हती, पण नकोही म्हटलं नव्हतं. आपल्याकडे गोदरेजनं १९२३ साली लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात केली आणि पुढे गावोगावच्या कारखान्यांतून तशी कपाटं निघू लागली. मग पलंगासारखीच आलमारीही जहेजच्या यादीत जाऊन बसली. आमचीही अशीच, गावातल्याच एका कारखान्यातली. निकाहानंतर सात-आठ वर्षांनी ती अम्मींच्या खोलीत गेली आणि तिथेच राहिली.

गेल्या पावसाळ्यात त्या बाजूची फरशी थोडी खचली. आलमारी एका कोपऱ्यात झुकली, दार चौकटीला घासू लागलं. उघडायचं तर जोरात ओढावं लागे. 'मिस्त्रीला बोलवू' असं आम्ही म्हणत राहिलो. आज शाळा, उद्या परीक्षा, परवा पाहुणे. एका सकाळी फजरच्या नमाजआधी अम्मींनी दुपट्टा काढायला दार ओढलं. ते एकदम सुटलं, अम्मी मागे सरकल्या, पलंगाच्या कडेला पाय लागला आणि त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दोन महिने अंथरुण आणि मग वॉकर.

ते दार आम्ही वेळेवर नीट केलं असतं तर, हा विचार अजून जात नाही. अम्मी मात्र त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. 'जो अल्लाह की मर्जी' एवढंच म्हणाल्या. आपण केलेल्या आळसाला समोरच्यानं अल्लाहची मर्जी म्हणावं, यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

रात्री त्यांच्याजवळ कोणीतरी हवं म्हणून आमची मुलगी त्यांच्या खोलीत झोपायला गेली. मुलगी तेव्हा नववीत. तिचा दिवाण गेला, पुस्तकं गेली, कपडे गेले. एका आलमारीत दोघींचं मावेना. खुर्चीवर कपडे, पलंगाखाली पेट्या, दारामागे पिशव्या. वॉकरवाल्या माणसासाठी जमिनीवरची प्रत्येक वस्तू म्हणजे ठेच. शेवटी ठरलं की आलमारी काढायची आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून पाच फूट रुंद, छताला भिडणारं लाकडी कपाट करायचं.

आता खोलीचा हिशेब ऐका, कारण सगळी अडचण त्यातच आहे. खोलीची पूर्व-पश्चिम लांबी दहा फूट. पूर्वेच्या भिंतीला मुलीचा अडीच फुटांचा दिवाण, त्याला लागून अम्मींचा तीन फुटांचा पलंग. साडेपाच फूट गेले. हँगरला लावलेले कपडे आडवे राहायचे तर कपाटाला बावीस इंच खोली लागते. तीही गेली. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये उरले बत्तीस इंच. त्याच बत्तीस इंचांत अम्मींचा वॉकर फिरणार, जो बावीस इंच रुंद आहे. तिथेच खुर्ची ठेवून त्या किब्ल्याकडे तोंड करून बसून नमाज पढणार. आणि तिथेच कपाटाचं दार उघडणार.

पहिला विचार नेहमीचा, दोन पल्ल्यांच्या दाराचा. पाच फुटांचं कपाट म्हणजे प्रत्येक पल्ला तीस इंचांचा. मुलीनं जुनी वर्तमानपत्रं चिकटवून तीस इंच रुंदीचा कागद केला, एक टोक कपाटाच्या जागी धरलं आणि जमिनीवर दारासारखा फिरवला. पूर्ण उघडल्यावर पलंगापर्यंत उरले दोन इंच. माणसानं उभं कुठं राहायचं? दार उघडणारा माणूस दार आणि पलंग यांच्यात अडकणार आणि मागेच सरकणार. म्हणजे पुन्हा तेच, जे त्या सकाळी झालं. दुकानात कॅटलॉग पाहून हे कळत नाही, कागद जमिनीवर फिरवला की लगेच कळतं. घरी कपाट करायचं असेल तर एवढं जरूर करून पाहा.

मग आम्ही सरकत्या दारांकडे वळलो. हल्ली सगळे तेच सांगतात. छोटी खोली आहे ना, स्लायडिंग लावा. दार बाहेर येतच नाही, तेव्हा जागेचा प्रश्नच मिटला. आमच्याही मनात ते पक्कं बसलं. एका पल्ल्याला पूर्ण उंचीचा आरसा लावायचा, म्हणजे खोली मोठी दिसेल, असंही ठरवून टाकलं. यवतमाळला जाऊन चॅनल पाहून आलो, सनमायकाचा फिकट रंग निवडला. स्वस्तातला पर्याय म्हणून जाड पडद्याचाही विचार केला होता. दांडी आणि कापड, बस. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ पडद्याला जुमानत नाही, म्हणून तो सोडला. या सगळ्या काळात अम्मी पलंगावर बसून तस्बीह फिरवत असायच्या. आम्ही त्यांच्याच समोर टेप धरायचो, त्यांच्याच पायांजवळ कागद फिरवायचो. आमचं सगळं त्यांच्यासाठीच चाललं होतं. फक्त त्यांना काही विचारलं नव्हतं.

मिस्त्री आले. गावातले जुने सुतार, साठीच्या आसपासचे. आम्ही त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, भिंत ठोकून पाहिली, ओल तपासली. मग आमच्याकडे न बघता पलंगाकडे वळले आणि म्हणाले, 'अम्मा, तुमी कपाट कोन्त्या हातानं उघडता?'

खोलीत क्षणभर शांतता. अम्मींनी उजवा हात पुढे केला. 'ह्या. डाव्यानं वॉकर धरते.'

'आन् हात वर कुठलोक जाते?'

अम्मींनी हात उचलला. खांद्याच्या थोडा वर जाऊन थांबला. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवर तिथे एक रेघ मारली. मग आम्हाला म्हणाले, 'सर, सरकतं दार एका हातानं सरकवाचं म्हनजे अंग वाकडं करा लागते. ज्याचा खुबा बसवला हाय त्यानं अंग वाकडं करू नये.'

त्यांनी सरकत्या दाराचे बाकीचे गुणदोषही नीट सांगितले. दोन पल्ले एकामागे एक धावतात, त्यांच्या चॅनलला तीन-चार इंच जागा लागते. म्हणजे बावीस इंचांच्या कपाटात कपड्यांना अठरा-एकोणीसच उरतात आणि हँगरवरच्या बाह्या चुरगळतात. एका वेळी अर्धंच कपाट उघडं राहतं. दुसऱ्या अर्ध्यातलं काही हवं तर दार पुन्हा उलट सरकवा. खालच्या खाचेत धूळ बसते आणि आपल्या कापसाच्या मुलखात कापसाचा तंतूही बसतो. खाच साफ ठेवली नाही तर दार जड होतं आणि मग ओढावं लागतं. 'मोठी भिंत आसन, सात-आठ फुटाचं कपाट आसन, धडधाकट मानसं आसन, तं सरकतं लय चांगलं. इथं नाई.'

'मग?' आम्ही विचारलं.

'चार पल्ले करू. पंधरा-पंधरा इंचाचे.'

हे इतकं साधं होतं की आम्हाला सुचलं नव्हतं. मुलीनं लगेच वही काढली. दार उघडताना वर्तुळाचा चौथा भाग व्यापतं, हे तिला शाळेतून माहीत होतं. तीस इंच म्हणजे अडीच फूट. अशा एका पल्ल्याला जमिनीवरची सुमारे ४.९ चौरस फूट जागा मोकळी लागते, दोन पल्ल्यांना ९.८. पंधरा इंचांच्या पल्ल्याला फक्त १.२ चौरस फूट, आणि चारही मिळून ४.९. रुंदी अर्धी केली की एका पल्ल्याची जागा पावपट होते. शिवाय चारही पल्ले एकदम कोण उघडतं? अम्मींना आपला एक पल्ला उघडायचा, बाजूला उभं राहून. बत्तीसातून पंधरा गेले तरी सतरा इंच उरतात, मागे सरकायची गरज नाही. 'दादीजान, आता दार तुमच्या अंगावर येणार नाही,' मुलगी म्हणाली. अम्मी हसल्या.

मग मिस्त्रींनी विचारलं, 'अम्मा, आनखी काय पायजे तुमाले?'

अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. घरात आम्ही उर्दूच बोलतो, पण मिस्त्रींशी त्या मराठीत म्हणाल्या, 'आरसा नको. नमाजला बसलं की समोर स्वतःचंच तोंड दिसतं.' आणि मग, 'एका दाराला कुलूप लावता येईल का? एकाच. माझ्या.'

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या आलमारीची किल्ली कित्येक वर्षांपासून आमच्याकडेच असायची. कागदपत्रं त्यात, मुलांचे दाखले त्यात, पाहुण्यांच्या चादरी त्यात. येता-जाता जो तो ती उघडायचा. अम्मींच्या खोलीत शिरताना कोणी दार वाजवत नसे, मग आलमारी उघडताना कोण विचारणार? सूरह नूरमध्ये सांगितलं आहे की फजरच्या आधी, दुपारी कपडे उतरवून ठेवण्याच्या वेळी आणि इशाच्या नमाजनंतर घरातल्या लहान मुलांनीही परवानगी घेऊनच आत यावं. आम्ही हे आमच्या मुलांना शिकवलं, ते आमच्या खोलीचं दार वाजवतात. आमच्यापैकी कोणी अम्मींचं दार वाजवलं होतं का? म्हाताऱ्या माणसाला पडदा नसतो, असं आपण कधी ठरवलं कुणास ठाऊक.

लाकडाचा प्रश्न निघाला तेव्हाही अम्मीच बोलल्या. उमरखेड तालुक्यातल्या आमच्या मूळ गावचं मातीचं घर पडलं, तेव्हा अब्बांनी त्याच्या दाराचे सागवानी पल्ले आणून माळ्यावर ठेवले होते. आम्ही ते दोनदा भंगारात काढायला निघालो होतो. मिस्त्रींनी ते खाली उतरवले, फडक्यानं पुसले, रंध्याचा एक हात मारला आणि आतून मधासारखा रंग निघाला. आपला यवतमाळ जिल्हा सागाचा. दिल्लीत २०२३ साली नवं संसद भवन उभं राहिलं, त्यासाठी सागवान नागपूरहून गेलं, हे पेपरात वाचून आम्ही अभिमानानं वर्गात सांगितलं होतं. आणि घरातलं सागवान माळ्यावर धूळ खात होतं.

मिस्त्रींनी ते पल्ले जसेच्या तसे वापरायला मात्र नकार दिला. फार जाड, फार जड. अम्मींच्या हाताला झेपणार नाहीत आणि बिजागऱ्याही लवकर सैल होतील. त्यांनी त्या लाकडाच्या अडीच इंची पट्ट्या कापल्या, चार हलक्या चौकटी केल्या आणि मध्ये पातळ प्लायवूड बसवलं. त्यामागचं कारण त्यांनी मुलीला समजावलं. लाकूड ओलाव्यानं फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, लाकूड वाळून आकसतं. जूनमध्ये पाऊस लागला की तेच फुगतं. अखंड रुंद फळीचं दार म्हणून पावसाळ्यात अडकतं. पट्टी अरुंद असली की फुगणंही थोडं. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते फारसं हलत नाही. भिंतीला थोडी ओल होती, तेव्हा कपाटाच्या पाठीला पाण्यात टिकणारं, आयएस ७१० असा शिक्का असलेलं प्लायवूड घेतलं. बाकीच्या खणांना साधं चाललं. कपाट भिंतीपासून बोटभर सुटं आणि जमिनीपासून चार इंच वर ठेवलं, म्हणजे वाळवी आली तर दिसेल आणि खाली पोछा फिरेल.

मुठींची गोष्टही सांगायला हवी. दुकानात गोल, चकचकीत पितळी मुठी आम्हाला आवडल्या होत्या. मिस्त्रींनी अम्मींच्या हातात एक गोल मूठ दिली. संधिवाताच्या बोटांना ती पकडता येईना. मग लांबट, चार बोटं आत जातील अशा कडीसारख्या मुठी घेतल्या आणि त्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघेच्या खाली लावल्या. दार बंद राहायला लोहचुंबक लावतात, तोही कमी ओढीचा निवडला, म्हणजे उघडताना झटका बसणार नाही. रोजचे कपडे अम्मींच्या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या खणांत. त्यावर रजया. सगळ्यात वर, स्टुलाशिवाय हात न पोचणाऱ्या जागी, आमची वर्षात एकदा लागणारी अडगळ. प्रत्येक पल्ल्याला खाली-वर हवेसाठी लहान भोकं पाडली, पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येऊ नये म्हणून.

चार पल्ले असल्यानं वाटणीही आपोआप झाली. खिडकीकडचा पहिला अम्मींचा, कुलपाचा. मधले दोन घरातल्या चादरी-रजयांचे आणि कागदपत्रांचे. शेवटचा मुलीचा. तिनंही हळूच विचारलं, 'मला पण किल्ली?' पंधरा वर्षांच्या मुलीनं कुलूप मागितलं की आई-बापाच्या मनात आधी शंका येते. आमच्याही आली. पण अम्मी म्हणाल्या, 'बेटा, दे दो. जिसका दरवाजा उसकी चाबी.' आम्ही दिली.

भाषा शिकवणाऱ्याची खोड म्हणून एक गोष्ट सांगतो. विदर्भात आपण सर्रास आलमारी म्हणतो, तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. पण मराठीतलं 'कपाट' मूळचं संस्कृत, आणि संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी. हिंदीत अजूनही केदारनाथचे 'कपाट' उघडतात ते दार याच अर्थानं, आणि उर्दूतला 'किवाड़' त्याच घराण्यातला. म्हणजे मराठी माणसानं त्या वस्तूला नाव दिलं ते तिच्या दारावरून. उघड्या फळ्यांना आपण कपाट म्हणत नाही, मांडणी म्हणतो. वर्गात हा शब्द इतकी वर्षं शिकवूनही, दार कुणाच्या हाताचं हे त्यात महत्त्वाचं असतं, ते आम्हाला सुताराकडून कळलं.

कपाट पूर्ण झालं त्या दिवशी अम्मींनी आपलं सामान स्वतः लावायचं ठरवलं. एकेक वस्तू आम्ही हातात द्यायची, त्यांनी ठेवायची. सुती कुर्ते, दुपट्टे, अब्बांचा चष्मा, एक जुनं पाकीट. शेवटी पलंगाखालच्या पेटीतून त्यांनी पांढऱ्या कापडाची घडी काढायला सांगितली. हजहून आणलेलं, जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं कफन. अब्बांचं त्यांच्यासोबत गेलं. हे अम्मींचं. इतकी वर्षं ते पेटीत, चपलांच्या खोक्यांशेजारी पडलं होतं, कारण आलमारीत जो तो हात घालायचा आणि 'मुलांना दिसलं तर घाबरतील' म्हणून त्यांनी ते तिथे ठेवलं नव्हतं. आम्हाला माहीतच नव्हतं.

त्यांनी ती घडी मधल्या खणात, हात सहज पोचेल अशा उंचीवर ठेवली, वर दुपट्टा पांघरला, पल्ला लोटला आणि किल्ली फिरवली. दार आवाज न करता बसलं. किल्ली त्यांनी दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारून बांधली. आम्हाला काही बोलायला सुचेना. मुलगी म्हणाली, 'दादीजान, चहा ठेवू?' आणि तो क्षण निघून गेला.

वाचकहो, कपाट करायला निघालात तर कागद फिरवून पाहा, पल्ले अरुंद ठेवा, मुठी हातात धरून घ्या. पण सुताराला बोलवायच्या आधी, जो ते दार रोज उघडणार आहे त्याला विचारा. आम्ही दोन सुशिक्षित माणसं, यवतमाळपर्यंत जाऊन चॅनल पाहून आलो, पण समोरच्या पलंगापर्यंत गेलो नाही.

बकरी ईदच्या सकाळी आम्ही नमाजहून आलो तेव्हा अम्मी वॉकर धरून कपाटासमोर उभ्या होत्या. डावा हात वॉकरवर, उजव्या हातात किल्ली. आम्ही मदतीला पुढे झालो, तर मानेनंच नको म्हणाल्या. पल्ला उघडला, जुन्या पाकिटातून ईदीच्या नोटा काढल्या, पल्ला बंद केला. मुलीनं हात पुढे केला, धाकट्यानं केला. मग अम्मींनी आमच्याकडे पाहिलं आणि आम्हालाही, चाळिशी ओलांडलेल्या दोघांना, एकेक नोट दिली.